माड छपरावर, आईची जखम चिघळलेली

प्रश्न : ताई, वादळात माड छपरावर आला, अर्धी कौलं फुटली, लाइट नाही आणि नेमकी आत्ताच आईच्या पायाची जखम चिघळलीय, तिला शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे, आधी काय बघू? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : कौलं राहू देत, तूर्त ताडपत्री टाका आणि आईला आजच डॉक्टरकडे न्या, शुगरवाल्यांच्या पायाची जखम वाट बघत नाही. साचलेल्या पाण्यात तिला अजिबात उतरू देऊ नका, लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती असते. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन फ्रिजबाहेर थंड जागी साधारण 28 दिवस टिकतं, डबा बंद करून मडक्यातल्या ओल्या वाळूवर ठेवा, बर्फाला मात्र चिकटवू नका, गोठलं की फेकायचंच. आणि हो, माड कापण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, शेजारी कितीही घाई करोत, पंचनाम्याला तलाठी आला की तेच कामाला येतात.