मोठ्यानं गायलं की सुटका होते?

या वेळच्या पत्रांमध्ये एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकू आला. कुणाला नातं मागे टाकायचंय, कुणाला भीती, कुणाला नुसताच घशातला आवंढा. पण गाणं सगळ्यांना एकाच जातीचं हवंय: सुरुवातीला दबकं, मग हळूहळू फुलत जाणारं आणि शेवटी छातीवरचा धोंडा भिरकावून देणारं पॉप बॅलड. पत्रं बरीच आहेत, जागा बेताची. ज्यांचं पत्र इथे नाही त्यांनी रुसू नये; बहुतेकांचं दुखणं खालच्या पाचांपैकी कुणाच्या तरी दुखण्यात सापडेल.

ताई, मला स्पर्धेत ‘लेट इट गो’ गायचंय. ध्रुवपद दणक्यात जातं, पण सुरुवातीचं कडवं इतकं खाली आहे की नुसती हवाच येते. पट्टी चढवली तर शेवटी किंचाळायला होतं. काय करू? — एक कॉलेजकन्या

आधी पेटी काढ आणि मोज. इडिना मेन्झेलनं २०१३ च्या ‘फ्रोझन’ या चित्रपटासाठी गायलेलं हे गाणं काळी चारच्या (पेटीवरच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीच्या) मेजरमध्ये, म्हणजे उजळ वाटणाऱ्या स्वरांत आहे, पण कडवं सुरू होतं पांढरी चारच्या मायनरमध्ये, म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरांत. सगळ्यात खालचा स्वर मधल्या पांढरी एकच्या खालची पांढरी चार, सगळ्यात वरचा त्याच पांढरी एकच्या वरच्या सप्तकातली काळी दोन. दोन सप्तकं पुरी व्हायला एकच स्वर कमी. तेव्हा पट्टी बदलून एका टोकाला सोय केलीस की दुसरं टोक बोंबलणार. या गाण्याला सोयीची पट्टी नसते, त्यातल्या त्यात बरी असते.

सगळे पट्टी ठरवतात ती वरच्या स्वरावरून. मी कडव्यावरून ठरवते. पहिली ओळ शेजारी बसलेल्या माणसाला सांगावी तशी हलक्या आवाजात बोलून बघ. तुझं बोलणं जिथे आपसूक स्थिरावतं, त्याच्या आसपास कडवं बसलं पाहिजे. एवढं सांभाळून अर्धा किंवा एक स्वर वरखाली कर, त्यापलीकडे जाऊ नकोस.

आता ती हवा. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी पहिल्या शब्दापासूनच ध्रुवपदाच्या तयारीला लागायची. खांदे वर, हनुवटी वर आणि दर चार शब्दांनी छाती भरून श्वास. एवढा श्वास खालच्या, हळू स्वरांना लागतच नाही. मग तो जाणार कुठे? आवाजातून गळत राहतो. मी तिला हाताची घडी घालून, भिंतीला पाठ टेकून कडवं नुसतं बोलायला लावलं. बोलताना तिनं एवढासाच श्वास घेतला, कारण बोलताना आपण सगळेच तेवढा घेतो. मग तोच श्वास ठेवून गायला सांगितलं. आवाज मोठा झाला नाही, पण त्याला काठ आला. ती मात्र नाराज. म्हणाली, “बाई, यात काही फीलच येत नाही.” फील ऐकणाऱ्याला आला पाहिजे, गाणारीला येऊन काय करायचंय! या कडव्यात ती बाई, म्हणजे चित्रपटातली बर्फाची जादू लपवणारी राणी एल्सा, स्वतःला बजावते आहे की कुणाला काही कळू द्यायचं नाही, दिसू द्यायचं नाही. तिथेच आवाज उसासे टाकायला लागला तर सगळं आधीच कळून जातं, ध्रुवपदात उघड करायला काही उरत नाही.

वर जाताना छातीचा आवाज ओढत नेऊ नकोस. शिखराच्या आधीच्या दोन-तीन स्वरांवरच वजन कमी करायला लाग, जबडा खाली सोड. आणि तो स्वर निसटलाच तर? २०१४ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, कडाक्याच्या थंडीत, खुद्द मेन्झेलचा शेवटचा वरचा स्वर हुकला. गाणं थंडीला न जुमानणारीचं, तेव्हा लोकांना आयतंच कोलीत मिळालं. तिनं आपलंच आधी कधीतरी बोललेलं पुन्हा पुढे केलं. त्याचा मथितार्थ असा, की संगीत नाटकात लाखांनी स्वर असतात, त्यातले पाऊण हिश्शानं लागले तरी आपलं काम झालं. परीक्षकांना हे ऐकवू नकोस, पण स्वतःला जरूर ऐकव.

आम्ही दोघी मैत्रिणी कित्येक वर्षं जोडीनं गातो. यापुढे एकटीनं गायचं असं मी ठरवलंय. ती दुखावली आहे. शेवटच्या एकत्र कार्यक्रमात मला एक गाणं एकटीला मिळणार आहे. मोकळं झाल्याचा आनंद मनात आहे, तो दाखवू का? आणि गाताना रडू आलं तर? — जोडीतली एक

तुमचा प्रसंग एका फार मोठ्या गाण्याच्या जन्माचा प्रसंग आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

अमेरिकी गायिका डॉली पार्टन १९६७ मध्ये पोर्टर वॅगनर या गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात आली. तो तिच्याआधीच नावाजलेला. जोडी गाजली. काही वर्षांनी तिला स्वतःची वाट धरायची होती, पण विषय काढला की वाद. शेवटी तिनं वाद घालणं सोडलं, घरी जाऊन गाणं लिहिलं आणि त्याच्यासमोर बसून म्हणून दाखवलं. तेच ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’. ती सांगते, ऐकता ऐकता त्याला रडू आलं. म्हणाला, जा तू, पण या गाण्याची रेकॉर्ड मला करू दे. १९७४ मध्ये ते आलं आणि अमेरिकेच्या कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

त्या गाण्यात मोकळं झाल्याचा जल्लोष औषधालाही नाही. मी थांबले तर तुझ्या वाटेत येईन, म्हणून निघते, एवढंच ती सांगते. आणि शेवटच्या कडव्यात त्याचं भलं चिंतते. हे कडवं एकदा गळणारच होतं. १९९२ च्या ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटासाठी गायिका व्हिटनी ह्यूस्टनकडून हे गाणं गाऊन घेताना संगीत निर्माता डेव्हिड फॉस्टर लिंडा रॉनस्टॅट या दुसऱ्या गायिकेच्या आवृत्तीवरून काम करत होता आणि तिच्यात ते कडवं नव्हतं. पार्टनला कळलं तेव्हा तिनं ते शब्द कळवले, म्हणून आज ते आपल्याला ऐकायला मिळतं. ते काढून गाणं पुन्हा ऐका. नुसती निघून जाणारी बाई उरते.

म्हणून आनंदाचं सांगते: दाखवू नका. तो तुमचा आहे, घरी साजरा करा. व्यासपीठावर तुमची मैत्रीण शेजारी उभी असणार. तुम्ही हात पसरून मोकळ्या आभाळाचं गाणं म्हणालात तर श्रोत्यांचे डोळे तुमच्यावर राहणारच नाहीत, तिच्या चेहऱ्यावर जातील. निरोपाचं गाणं निवडा आणि ते तिला उद्देशून म्हणा.

हेही ऐकून ठेवा, म्हणजे गाण्यानं सगळं गोडीगुलाबीनं मिटेल अशी आशा धरणार नाही. तोच वॅगनर पुढे १९७९ मध्ये पार्टनवर तीस लाख डॉलरचा दावा ठोकून मोकळा झाला. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं, आणि दोघं पुन्हा बोलायला लागली तीही सावकाश. तुमची मैत्रीण त्या रात्री गळ्यात पडली आणि नंतर महिनोन्‌महिने फोन उचलला नाही, तर गाणं वाया गेलं असं समजू नका.

रडण्याचं म्हणाल, तर तो गळ्याचा साधा शारीरिक मामला आहे. रडू आलं की स्वरयंत्र वर सरकतं, घसा आवळतो, श्वास तुकड्यातुकड्यांनी येतो. अशा गळ्यातून लांब स्वर निघणं कठीण. त्यामुळे रडायचं ते तालमीत. घरी दार लावून गाणं म्हणा, ज्या ओळीवर फुटता तिच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा. ती ओळ आधी शब्दांशिवाय, ‘ना ना’ करत म्हणा, मग सपाट आवाजात नुसती वाचा, मग पुन्हा गा. बहुतेक वेळा ओळ एकच असते, फार तर दोन. कार्यक्रमात ती जवळ आली की मैत्रिणीकडे बघू नका, शेवटच्या रांगेच्या डोक्यावरून बघा. त्याआधी आणि त्यानंतर खुशाल तिच्याकडे बघा.

असल्या गाण्यांत शेवटी पट्टी का चढते? मला ती युक्ती स्वस्त वाटते. — पेटीवादक

पुष्कळदा असतेच. गाणं संपत आलं, नवीन सांगण्यासारखं काही उरलं नाही, की चढव एक स्वर! पण वरच्या उत्तरातलं ह्यूस्टनचं गाणं काढा. सुरुवातीचं पाऊणएक मिनिट वाद्य नाही, नुसता गळा. (चित्रपटाचा नायक केव्हिन कॉस्टनरचा हा हट्ट.) मग वाद्यं हळूच येतात, मग एक क्षण सगळं थांबतं, ढोलाचा एक ठोका पडतो आणि गाणं पांढरी सहावरून पांढरी सातवर जातं. ती उडी स्वस्त वाटत नाही, कारण आधीची सगळी मिनिटं ती बाई स्वतःला आवरत होती. गंमत म्हणजे ‘लेट इट गो’त शेवटच्या ध्रुवपदाला पट्टी चढतच नाही. तिथे गाणं मायनरमधून मेजरमध्ये येतं, काम भागतं.

मी पुरुष. ही गाणी बायकांची, असं म्हणून मित्र हसतात. — नाव नको

एक सप्तक खाली घ्या, मग आपल्या गळ्याप्रमाणे पट्टी लावा. मित्रांना म्हणावं, आधी कडवं गाऊन दाखवा, मग हसा.

ताई, मी स्वतः एक बॅलड लिहिलंय. ध्रुवपदात ‘मी मुक्त, मी मोकळा, मी माझा’ असं चार वेळा येतं. चाल चांगली आहे असं सगळे म्हणतात, पण ऐकणारा थंड. सोबत शब्द पाठवतोय. — हौशी गीतकार

शब्द वाचले. ‘मुक्त’, ‘मोकळा’, ‘पंख’, ‘आकाश’, ‘बंधनं’, ‘साखळ्या’ आणि पुन्हा ‘पंख’. तुम्ही कशातून सुटलात याचा मला दोन्ही कडव्यांत पत्ता लागला नाही. नोकरी? घर? कुणाचा शब्द? साखळ्या आहेत, पण त्या कुणी घातल्या ते गुलदस्त्यात.

‘लेट इट गो’ पडद्यावर बघा, आवाज बंद करून. एल्सा आधी हातात उरलेला एकुलता एक मोजा काढून फेकते. मग अंगावरचं जड वस्त्र वाऱ्यावर सोडते. पुढे मुकुट भिरकावते, बांधलेले केस सोडते आणि शेवटी प्रेक्षकांच्या तोंडावर दार लावून घेते. प्रत्येक वस्तू आधी कुणीतरी तिच्यावर लादलेली आहे: मोजा बापानं घातलेला, मुकुट राज्यानं. गाण्यानं ‘मी स्वतंत्र’ म्हणायच्या आत आपण तिला दोन गोष्टी टाकताना पाहिलेलं असतं. आणि सगळ्यात मोठा स्वर होऊन गेल्यावर शेवटची ओळ ती जवळजवळ बोलून टाकते, खांदे उडवल्यासारखी.

हे गाणं क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या नवराबायकोनं दीडेक दिवसात लिहिलं. तोवर एल्सा गोष्टीतली खलनायिका होती. गाणं ऐकल्यावर चित्रपटवाल्यांना ती तशी ठेवता येईना, कथा नव्यानं बांधावी लागली. २०१४ मध्ये गाण्याला ऑस्कर मिळालं ते नंतरचं. माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट ही, की एका बाईचं म्हणणं तिच्या तोंडून नीट ऐकल्यावर तिला दुष्ट म्हणणं लिहिणाऱ्यांनाच जमलं नाही.

आणखी एक. ते गाणं चित्रपटाच्या पूर्वार्धात येतं. ती मोकळी झाली असं तिला वाटतं, पण बर्फाच्या महालात ती एकटी आहे आणि खाली तिचं गाव गोठतंय हे तिला ठाऊकच नाही. लहान मुलं ते गाणं विजयगीत म्हणून गातात, गाऊ देत. तुम्ही मोठे आहात, तुमच्या गाण्यात मोकळेपणाची किंमत एखाद्या ओळीत तरी येऊ द्या.

दुसरं उदाहरण हवं तर गायिका ग्लोरिया गेनर. ‘आय विल सर्व्हाइव्ह’ बॅलड नाही, डिस्को आहे, पण जातकुळी हीच. १९७८ मध्ये रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेलं गाणं. कंपनीची भिस्त पुढच्या बाजूवर होती. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाठीला पट्टा बांधून तिनं ते गायलं. सुरुवात ठेक्याशिवाय आणि कबुलीनं होते: मी घाबरले होते. मग तो माणूस परत येतो, आणि तिला वाटतं, कुलूप बदलायला हवं होतं, किल्ली परत मागायला हवी होती. कुलूप आणि किल्ली! तुमचे सगळे पंख त्या एका किल्लीवरून ओवाळून टाकावेत.

तेव्हा ध्रुवपदाच्या चालीला सध्या हात लावू नका, ती चांगली आहे असं सगळे म्हणतातच. दोन्ही कडवी फाडा. पहिल्यात, सोडून येण्याआधीचा तुमचा एक दिवस लिहा: सकाळी उठून काय करत होता, कुणाला विचारून करत होता, काय बोलायचं गिळत होता. दुसऱ्यात, तुम्ही हातानं टाकलेली एक वस्तू. उपमा नको, विशेषण फार तर एक. ध्रुवपदात चार वेळा आलेलं ‘मुक्त’ एकदाच ठेवा आणि तेही शेवटी. नवी कडवी याच पत्त्यावर पाठवा, ध्रुवपद पाठवलंत नाही तरी चालेल, मला पाठ झालंय.