दोन सुया आणि वाचकांच्या शंका

दिवाळी आटोपली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा एकच असतो: संक्रांतीपर्यंत घरच्यांसाठी काय विणून होईल? नागपूरची थंडी तशी दीड-दोन महिन्यांची पाहुणी, पण आली म्हणजे आपला मान पुरता वसूल करून घेते. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, हे अनेकांना आठवत असेल. यंदा आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: ताई, मला सुलट आणि उलट हे दोनच टाके येतात. शाळेत असताना आईने शिकवले होते, पुढे सुया माळ्यावर गेल्या. या संक्रांतीला घरातील पाच जणांना स्वतःच्या हातचे काही द्यायचे ठरवले आहे: सासऱ्यांना वेण्यांचा स्वेटर, सासूबाईंना जाळीची शाल, भाच्याला दोन रंगांची टोपी, यजमानांना मोजे आणि आईला बंडी. लोकर आणून ठेवली आहे. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, मनीषनगर)

उत्तर: तुमच्या यादीत माणसे पाच आहेत आणि नवी तंत्रेही पाच आहेत: वेणी, जाळी, दोन रंग, मोज्याची टाच आणि बंडीच्या काखेचा आकार. हातात मात्र जेमतेम साठ दिवस उरले आहेत. एका वस्तूत एकच नवी गोष्ट शिकावी, असा माझा आग्रह असतो, कारण दोन नव्या गोष्टी एकत्र आल्या की चूक नेमकी कोणत्या गोष्टीमुळे झाली हेच कळेनासे होते आणि मग सगळेच उसवावे लागते. म्हणून या वर्षी यादीतील माणसे तीच ठेवा, वस्तू बदला.

सुरुवात भाच्याच्या टोपीने करावी. त्यात शिकायची गोष्ट म्हणजे गोल विणणे. मुलाच्या टोपीसाठी ४० सें.मी. लांबीची गोल सुई पुरते. सुई टोपीच्या घेरापेक्षा लांब असली तर टाके ताणले जातात. टाके घालून झाल्यावर पहिला फेरा जोडण्यापूर्वी ते टेबलावर पसरून सर्व टाक्यांची खालची कड आतल्या बाजूला आहे ना, ते पाहा. कड एकदा पिळली गेली आणि फेरा जुळला, की उसवण्यावाचून दुसरा उपाय राहत नाही. गोल विणताना सुलट बाजू सतत आपल्या समोर असते, त्यामुळे सपाट विणीत परतताना येणारी उलट टाक्यांची ओळ येथे लागतच नाही. प्रत्येक फेरा सुलट. दोन रंगांसाठी चार-चार फेऱ्यांचे आडवे पट्टे घाला. एकाच फेऱ्यात दोन धागे खेळवून नक्षी काढणे हे स्वतंत्र तंत्र आहे, ते पुढच्या टोपीला. माथ्याकडे टाके कमी करत गेल्यावर सुई लांब पडू लागते, तेव्हा दोन्ही बाजूंनी टोक असलेल्या चार सुयांवर टाके वाटून घ्यावेत.

सासऱ्यांच्या स्वेटरऐवजी वेणीचा मफलर करा. मोठ्या माणसाच्या स्वेटरला पाच-सहाशे ग्रॅम लोकर लागते आणि नवख्या हाताकडून तो साठ दिवसांत होईल, याची हमी मी देणार नाही. शिवाय ते पहाटे अंबाझरीला फिरायला जात असतील, तर वारा लागतो तो गळ्यालाच. वेणी दिसते अवघड, पण असते अगदी सोपी: टाक्यांनी आपापसांत जागा बदलायची, एवढेच. आधी २४ टाक्यांचा नमुना करा. मधले ६ टाके वेणीचे, दोन्ही बाजूंना ९-९ उलट. परतताना जो टाका जसा दिसेल तसाच विणायचा. अशा सहा ओळी झाल्यावर वेणीचे पहिले ३ टाके वेगळ्या सुईवर काढून समोर धरा, पुढचे ३ विणा, मग काढलेले ३ विणा. वेणी डावीकडे झुकेल. काढलेले टाके मागे धरले तर ती उजवीकडे झुकते. वेगळी छोटी सुई नसेल तर अंबाड्याचा आकडा घ्यावा. बारीक लोकरीला तो बाजारातील सुईपेक्षा मला अधिक सोयीचा वाटतो, कारण त्याच्या वळणातून टाके सहसा निसटत नाहीत. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की वेणी कापड आत ओढते. साध्या विणीवर वीस सें.मी. भरणारे टाके वेण्या घातल्यावर पुरणार नाहीत, म्हणून टाक्यांची संख्या या नमुन्यावरूनच ठरवावी. मफलरच्या दोन्ही कडांना चार-चार टाके प्रत्येक ओळीत सुलट ठेवले की कड गुंडाळत नाही.

आई आणि सासूबाई या दोघींना सारख्याच कानपट्ट्या विणा. दोघींना एकाच वेळी आणि एकाच तोलाची वस्तू द्यावी, हा सल्ला विणकामाचा नव्हे हे मान्य आहे. एक सुलट, एक उलट अशा ताणल्या जाणाऱ्या विणीत तुम्हाला आधीपासून येणारेच टाके आहेत, त्यामुळे या दोन वस्तू शिकण्याच्या धांदलीत विसाव्यासारख्या होतील. शाल तूर्त नको असे म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. बाजारातील स्वस्त लोकर बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकची असते. ती आचेने वितळून अंगाला चिकटते. सकाळी शाल पांघरून गॅसपाशी उभे राहण्याची सवय अनेक घरांत असते, त्या घरात सुटे पदर असलेली अ‍ॅक्रिलिकची शाल देऊ नये. खरी लोकर लवकर पेट घेत नाही, पण ती महाग पडते आणि गरम पाण्यात चोळली तर आटून घट्ट होते.

यजमानांचे मोजे पुढच्या वर्षी. ते थांबतील.

प्रश्न: मी परदेशी नमुन्यावरून भावासाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणला. नमुन्यात ८ नंबरच्या सुया लिहिल्या होत्या, म्हणून इतवारीतून ८ नंबरच्याच आणल्या. टाके बरोबर १५४ घातले, तरी छाती ९६ सें.मी. होण्याऐवजी जेमतेम ८५ झाली. माझा हात घट्ट आहे का? (एक विद्यार्थिनी, धरमपेठ)

उत्तर: तुमच्या हाताला दोष देण्यापूर्वी सुयांकडे पाहू. आपल्याकडे मिळणाऱ्या सुयांवर बहुधा जुन्या ब्रिटिश पद्धतीचे नंबर असतात आणि त्यात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. म्हणूनच आपल्या घरांत ‘बॉर्डर १२ नंबरवर आणि अंग १० नंबरवर’ असे सांगण्याची पद्धत आहे. अमेरिकी नंबर याच्या नेमके उलट चालतात. त्यांची ८ नंबरची सुई ५ मि.मी. जाडीची, आपली ८ नंबरची ४ मि.मी.ची, त्यांची १० नंबरची ६ मि.मी.ची, तर आपली अवघी ३.२५ मि.मी.ची. नमुना घेताना नंबर सोडून मिलिमीटर वाचावेत.

सुई योग्य असली तरी प्रत्येकाचा हात वेगळा पडतो, म्हणून नमुन्याचा तुकडा टाळता येत नाही. किमान १५ सें.मी. रुंद चौकोन विणावा, वस्तू जशी धुतली जाणार आहे तसा धुवून वाळवावा आणि मधल्या १० सें.मी.मध्ये किती टाके येतात ते मोजावे. तुमच्या नमुन्यात १० सें.मी.ला १६ टाके अपेक्षित असणार, कारण त्या हिशेबानेच १५४ टाक्यांचे ९६ सें.मी. होतात. तुमच्या ४ मि.मी.च्या सुईवर १८ टाके आले असावेत. मग १५४ टाक्यांचे साडेपंच्याऐंशी सें.मी. होणार, आणि तसेच झाले. दहा सें.मी.मागे दोन टाक्यांचा फरक डोळ्यांना दिसतही नाही, पण पूर्ण घेरात तो दहा सें.मी.च्या वर जातो.

स्वेटर उसवणार असाल तर उसवलेली लोकर लगेच गुंड्यात गुंडाळू नका. खुर्चीच्या पाठीभोवती तिची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि सावलीत टांगून वाळवा. तिच्या लाटा मोडल्याशिवाय नवे टाके एकसारखे बसत नाहीत.

प्रश्न: माझी मुलगी मार्चमध्ये बाळंत होणार आहे. बाळंतविड्यात विणलेले टोपडे, मोजे आणि दुपटे द्यायची हौस आहे. नवीन वीण कोणती घ्यावी? (एक होणारी आजी, नंदनवन)

उत्तर: आजीबाई, आधी अभिनंदन. आता तारखेकडे पाहा. मार्चमध्ये जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला लगेच आपला उन्हाळा येणार. लोकरीचे टोपडे त्याला लागेल ते पुढच्या डिसेंबरात, नऊ महिन्यांचे झाल्यावर. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सें.मी. असतो, नवव्या महिन्यात तो ४४-४५ सें.मी.च्या आसपास जातो. टोपडे त्या मापाचे, प्रत्यक्ष घेरापेक्षा तीन-चार सें.मी. कमी विणावे, म्हणजे ते ताणून नीट बसते.

मार्चसाठी मात्र सुती धाग्याचे दुपटे विणा आणि त्यात मोत्याची वीण शिका. एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलटवर उलट, उलटवर सुलट. टाक्यांची संख्या विषम ठेवली की प्रत्येक ओळ सुलट टाक्यानेच सुरू होते आणि लक्षात ठेवण्यासारखे काही उरत नाही. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कडा गुंडाळत नाहीत. सुती धागा जड असतो आणि लोकरीसारखा लवत नाही, तेव्हा दुपटे फार मोठे करू नये. मोठ्या छिद्रांची जाळी नको, बाळाची बोटे त्यात अडकतात.

प्रश्न: निवृत्तीनंतर विणायला शिकलो. पत्नीच्या साठीसाठी गुपचूप जाळीचा स्टोल विणतो आहे. एक टाका सुटला की जाळीत तो सापडत नाही आणि सगळे पहिल्यापासून उसवावे लागते. तीन वेळा झाले. (एक वाचक, महाल)

उत्तर: साहेब, चौथ्यांदा होऊ नये म्हणून प्रत्येक आठ-दहा ओळींनंतर, जाळीची नव्हे तर साधी परतीची ओळ संपली की, बोथट सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून तो सुईवरच्या सर्व टाक्यांतून पार काढावा. दोन्ही बाजूंना वीतभर शेपटी सोडावी आणि ती कोणी ओढणार नाही असे पाहावे. पुढे चूक झाली तर दोऱ्यापर्यंतच उसवायचे. टाके दोऱ्यावर सुखरूप असतात, ते पुन्हा सुईवर घ्यायचे. दोरा कोणत्या ओळीवर घातला ते वहीत लिहून ठेवा, नाहीतर नमुन्यात पुढची ओळ कोणती हे शोधण्यात संध्याकाळ जाते. नवा दोरा घातल्याशिवाय जुना काढू नका. आणि दोरा लोकरीचा घेऊ नका, त्याचे तंतू पांढऱ्या स्टोलमध्ये अडकून राहतात. मग वाढदिवसाला तो रंग कोठून आला, याचे उत्तर तुम्हाला द्यावे लागेल.