आजीचा प्राणायाम, आईचा पंप आणि मधल्या मधे पोरगं

प्रश्न : मावशी, आम्ही शिवाजी पेठेत राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बालदमा सांगितला आणि दोन पंप दिले, एक रोजचा आणि एक धाप लागली तर घ्यायचा. दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंनी त्याला प्राणायामाच्या वर्गाला घातलं. महिनाभर अजिबात त्रास झाला नाही, म्हणून त्यांच्या आग्रहाखातर रोजचा पंप बंद केला. आता रात्री खोकत उठतो, जिना चढला की छातीत शिट्टी वाजते. सासूबाई म्हणतात, पोरगं मन लावून करत नाही, सगळं लक्ष फुटबॉलात. मिस्टर म्हणतात, फुटबॉलच बंद कर. परवा रात्री धाप लागलेली असताना तो मला म्हणाला, "आई, मी नीट करतोय गं, आजीला सांग." कुणाचं ऐकू तेच कळेना. श्वासाच्या व्यायामानं दमा खरंच बरा होतो का?
– एक आई, कोल्हापूर

ताई, बरा होत नाही. मदत मात्र होते, आणि ती कशी होते हे पुढे सविस्तर सांगते. पण त्याआधी त्या पोराच्या वाक्याबद्दल. नऊ वर्षांच्या मुलाला धाप लागली आहे आणि तशा अवस्थेत तो स्वतःची सफाई देतोय. "तू नीट करत नाहीस म्हणून दम लागतो" हे घरात आजपासून कुणीही बोलायचं नाही. आजीनं नाही, बाबांनी नाही आणि वैतागून तुम्हीही नाही.

आता हिशेब मांडू. दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते. धूळ, धूर, सर्दी असं काही निमित्त झालं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि वाट अरुंद होते. रोजचा पंप, बहुधा बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा, ही सूज कमी ठेवतो. धाप लागली की घ्यायचा तो निळा पंप बहुधा सालब्युटामॉलचा असतो. तो आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो, पण सुजेचं तो काही करत नाही. सूज उतरायलाही आठवडे लागतात आणि पंप थांबवल्यावर परत चढायलाही. तुमच्याकडे तेच झालं. दिवाळीनंतरचा तो चांगला महिना रोजच्या पंपाच्या पुण्याईवर गेला आणि श्रेय प्राणायामाला मिळालं. पुढे पंपाचा असर ओसरला आणि दोष पोराच्या माथी आला. यात सासूबाईंचा कावा नाही, त्यांना जे दिसलं ते त्यांनी खरं मानलं. पण रात्री खोकून जाग येणं हे दमा आटोक्यात नसल्याचं लक्षण आहे. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा निळा पंप लागणं, हे दुसरं. तेव्हा आज डॉक्टरांना फोन करा, झालं ते सरळ सांगा आणि रोजचा पंप पुन्हा सुरू करा. ते रागावले तर रागावू देत.

सवय लागेल, स्टेरॉइड आहे, उंची खुंटेल, ही भीती घराघरांत आहे. पंपाची व्यसनासारखी सवय लागत नाही. औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट फुप्फुसात जातं. काही मुलांच्या उंचीत साधारण एक सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, तो मी लपवणार नाही. त्यासमोर वारंवार धाप लागणं, तोंडावाटे स्टेरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स आणि बुडलेली शाळा ठेवा, आणि ठरवा. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, म्हणजे तोंड येत नाही. (आणि मृग नक्षत्राला हैदराबादेत जिवंत मासा गिळवायला न्या, असं सांगणारे नातेवाईक तुम्हालाही भेटले असतील. त्यांना चहा पाजा आणि विषय बदला.)

मग व्यायाम कशासाठी? मोठ्या माणसांत श्वासाच्या व्यायामांनी त्रास कमी जाणवतो, रोजचं जगणं सुधारतं, असं अभ्यासांतून दिसलं आहे. फुप्फुसाची ताकद मोजली तर तिथे फारसा फरक पडत नाही. मुलांवरचे अभ्यास इतके थोडे आहेत की ठाम काही सांगता येत नाही. तरीही मी करा म्हणेन, कारण धाप लागली की मूल घाबरतं, घाबरलं की तोंडानं भराभरा वरचा वर श्वास घेतं आणि आधीची हवा बाहेर पडायच्या आतच नवी आत ओढतं. दम्यात आत घेण्याइतकीच, किंबहुना जास्तच, पंचाईत बाहेर सोडण्याची असते. उच्छ्वास लांबवायची सवय अंगात मुरलेली असली तर मूल पंपाचा परिणाम होईपर्यंत स्वतःला सांभाळू शकतं.

पहिला प्रकार झोपून करायचा. उताणं झोपवा, गुडघे थोडे दुमडलेले, पोटावर त्याच्या आवडीचं हलकं खेळणं. नाकानं श्वास घेताना खेळणं वर आलं पाहिजे, सोडताना खाली. छाती आणि खांदे स्वस्थ. सुरुवातीला पोरं पोट मुद्दाम फुगवतात, मान ताठ करतात. ओरडू नका, दोन दिवसांत जमतं. मोठा श्वास घ्यायला सांगू नका, हळू श्वास घ्यायला सांगा. भराभर मोठे श्वास घेतले तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात.

दुसरा बसून. नाकानं दोन आकडे मोजत आत, मग ओठांचा चंबू करून चार आकडे मोजत बाहेर. वाटीतला गरम पांढरा रस्सा फुंकतो तसं, हळू, रस्सा सांडू न देता. ओठ आवळल्यानं आत थोडा दाब टिकतो, त्यामुळे बारीक नळ्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघते. जिना चढल्यावर, खेळून आल्यावर हा प्रकार फार कामाला येतो.

तिसरा भ्रामरी. तोंड मिटून गुणगुणत श्वास सोडायचा. उच्छ्वास आपोआप लांबतो आणि पोरांना मजा वाटते. अनुलोम-विलोमही हरकत नाही, पण श्वास रोखून न धरता. कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक (श्वास रोखून धरणं) मात्र या मुलाला नकोत. जोराजोरानं श्वास फेकला की संवेदनशील नळ्या चिडतात आणि खोकल्याची उबळ येते. वर्गातल्या सरांना हे स्पष्ट सांगा. सांगूनही पंप सोडायला सांगत असतील तर वर्ग सोडा.

सकाळ-संध्याकाळ पाच ते दहा मिनिटं पुरे, जेवल्याजेवल्या नको, आणि बरं वाटत असताना करायचं. मध्येच खोकला आला तर थांबायचं. नाक चोंदलेलं असेल तर आधी त्याचा इलाज करून घ्या. हवा नाकातून गेली की गरम, दमट आणि थोडी गाळून जाते, म्हणून तर नाकाचा आग्रह.

सासूबाई व्यायाम कुठे घेतात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. देवघरात उदबत्ती आणि धूप लावून घेत असतील, तर त्या दहा मिनिटांत फायद्यापेक्षा धूरच जास्त आत जातो. डासांच्या कॉइलचंही तेच. हिवाळ्यात भल्या पहाटे रंकाळ्यावर नेत असतील तर तेही बंद करा, गार हवेनं याच्या नळ्या आवळतात. गुऱ्हाळांचा आणि शेतात पेटवलेल्या पाचटाचा धूर ज्या दिवशी गावात जाणवेल, त्या दिवशी खिडकी लावून घरात बसायचं. आणि पावसाळ्यात माळ्यावरची दमट वाकळ थेट पोराच्या अंगावर घालू नका. गरम पाण्यानं धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच.

फुटबॉल बंद करणार? कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्या पेठेत राहून? मिस्टरांना सांगा, दमा आटोक्यात असलेलं मूल सगळे खेळ खेळू शकतं आणि खेळलंच पाहिजे. मैदानात उतरल्याबरोबर पळत सुटायचं नाही, आधी दहा-पंधरा मिनिटं हळूहळू अंग गरम करायचं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळाआधी दहा-पंधरा मिनिटं निळा पंप घ्यायचा. कोचना माहीत असू दे. लपवून खेळणारं मूल दम लागला तरी थांबत नाही.

धाप लागलीच तर व्यायामाचा वर्ग घ्यायचा नाही. आधी पंप. ताठ बसवायचं, किंचित पुढे झुकवून, कोपरं टेबलावर. झोपवायचं नाही. स्पेसर (पंपाला जोडायचं प्लॅस्टिकचं नळकांडं) लावून एका वेळी एकच दाब, त्यावर पाच-सहा शांत श्वास, मग पुढचा. किती दाब आणि किती वेळानं परत, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि कागद फ्रिजवर लावा. ओठ चंबू करून सोडायचा श्वास याच वेळी, पंपाच्या जोडीला. वाक्य पुरं बोलता येत नसेल, श्वासागणिक फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपानं आराम पडत नसेल, तर १०८ ला फोन करायचा. उजाडायची वाट बघायची नाही.

सासूबाईंशी भांडू नका. नातवासाठी त्यांनी वेळ काढला, रोज त्याला घेऊन बसल्या, हे थोडं नाही. व्यायाम त्यांच्याकडेच राहू द्या. वर दिलेले तीन प्रकार त्यांनीच घ्यावेत, स्वतःही त्याच्या शेजारी आडवं होऊन करावेत. पंप तुमच्याकडे, आणि तो केव्हा कमी करायचा हे डॉक्टरांकडे. आटोक्यात राहिला तर तेच एक-एक पायरी मात्रा उतरवतात.

पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर न्या. तुम्ही सांगितलेलं त्यांना सुनेचं बोलणं वाटेल, डॉक्टरांनी सांगितलेलं वाटणार नाही. पंप आणि स्पेसरही न्या आणि मुलाला डॉक्टरांसमोर घेऊन दाखवायला सांगा. पुष्कळ पोरांचं औषध जिभेवरच राहतं आणि आई-बाप मात्रा वाढवत बसतात. स्पेसर महिनाभर धुतला नसेल तर आदल्या दिवशी साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि फडक्यानं न पुसता तसाच वाळू द्या, पुसला की प्लॅस्टिकला औषध चिकटतं. शाळेच्या दप्तरासाठी दुसरा निळा पंप आणि स्पेसर त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या आणि फ्रिजवरच्या कागदाची एक प्रत वर्गशिक्षिकेच्या हातात द्या.