सासरे सावकार, मुलगा ऋणको आणि सून जामीन

आपल्या पत्राचा आशय असा आहे : आपले ७९ वर्षांचे सासरे, ज्यांना घरात सारे नाना म्हणतात, त्यांनी आपल्या १८ लाख रुपयांच्या ठेवी मोडून ती रक्कम तुम्हा उभयतांच्या गृहकर्जात भरण्यासाठी देऊ केली आहे. मात्र ती भेट म्हणून नव्हे, तर साडेसात टक्के व्याजाने, दर महिन्याच्या १ तारखेस व्याज त्यांच्या खात्यात जमा होईल या बोलीवर, उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये दंड आकारून, मुद्दल ‘मी मागेन तेव्हा’ परत करण्याच्या वचनावर आणि ‘चिरंजीवांचा भरवसा नाही, सूनबाई जामीन राहणार असतील तरच’ या अटीवर. चिरंजीव रुसले आहेत, नानांनी मसुदा स्वहस्ताक्षरात तीन प्रतींत तयार ठेवला आहे, आणि हसावे की सही करावी, असे आपण विचारले आहे. हसण्यास काहीच हरकत नाही. सही मात्र या मसुद्यावर करू नये, आणि नानांना सरळ नकारही देऊ नये, असे माझे मत आहे.

प्रथम हिशेब पाहू. आपल्या गृहकर्जाचे २६ लाख रुपये शिल्लक आहेत, बदलता व्याजदर सध्या ८.४ टक्के आहे, ११ वर्षे उरली आहेत आणि हप्ता सुमारे ३०,२५० रुपयांचा आहे. नानांच्या १८ लाखांपैकी १२ लाख दोन बँकांत (एकीत ७, दुसरीत ५) पावणेसात टक्क्यांनी, तर ६ लाख एका पतसंस्थेत साडेसात टक्क्यांनी ठेवलेले आहेत. म्हणजे त्यांना वर्षाला १,२६,००० रुपये व्याज मिळते. तीच रक्कम साडेसात टक्क्यांनी मुलाला दिली, तर १,३५,००० मिळतील. नानांचा वार्षिक फायदा ९,००० रुपये. आपणास ८.४ ऐवजी साडेसात टक्के द्यावे लागतील, म्हणून आपला वार्षिक फायदा १६,२०० रुपये. दोन्ही मिळून २५,२००. ज्या व्यवहारासाठी मुलगा आठवडाभर वडिलांशी बोलत नाही आणि ज्याच्या तीन प्रती तयार झाल्या आहेत, त्यातून साऱ्या कुटुंबाच्या पदरात पडणारी रक्कम एवढीच आहे. कर्जाची मुदत काही वर्षे कमी होईल, असे बँकेतील अधिकारी सांगतील आणि ते खोटे नसेल. पण बँकेचे कर्ज संपल्यावर नानांचे १८ लाख देणे तसेच उभे असेल, हे तो सांगणार नाही, कारण त्याला ते ठाऊकच नसेल.

आता या पंचवीस हजारांसाठी काय पणाला लागते, ते पाहावे. बदलत्या दराच्या गृहकर्जात मुदतीपूर्वी रक्कम भरल्यास व्यक्तिगत कर्जदाराकडून बँक दंड घेऊ शकत नाही. त्यामुळे पैसे आत जाताना काहीच अडत नाही. अडते ते बाहेर येताना. एकदा कर्जात भरलेले पैसे, ते खाते ओव्हरड्राफ्टच्या प्रकारचे नसेल तर, परत काढता येत नाहीत. वाढीव कर्ज मागावे लागते, आणि त्याच्या मंजुरीला रुग्णालयाच्या बिलाइतकी घाई नसते. ‘मी मागेन तेव्हा’ या तीन शब्दांना १८ लाखांच्या बाबतीत काहीच अर्थ उरत नाही, कारण आपण कळविलेल्या तपशिलानुसार तुम्हा दोघांकडे तातडीने मोडता येईल अशी गुंतवणूक सुमारे ७ लाखांचीच आहे. नानांनी उद्या पैसे मागितले, तर कायद्याने ते बरोबर असतील आणि आपण हतबल असाल. म्हणून माझा पहिला निकष असा, की तुम्ही महिनाभरात परत करू शकाल त्याहून अधिक रक्कम त्यांच्याकडून घेऊ नये. त्या ७ लाखांतून थोडी रक्कम हाताशी ठेवली, तर ही मर्यादा ६ लाखांवर येते.

येथे नानांच्या स्वभावाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण तो या प्रश्नाचा आर्थिक भागच आहे. माणूस खाली बसलेला असताना त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद करणारे, रोज रात्री विजेच्या मीटरचा आकडा वहीत टिपणारे आणि मोबाईलवर संदेश येऊनही पासबुक छापून घेतल्याखेरीज पैसे जमा झाले असे न मानणारे गृहस्थ आपण अगदी डोळ्यांसमोर उभे केले आहेत. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावण्याची सूचना आली, तेव्हा ‘मी जिवंत आहे हे डोळे मारून सिद्ध करणार नाही’ असे म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून थेट बँकेत गेले, हेही आपण लिहिले आहे. अशा माणसाला नऊ हजार रुपये नको आहेत. त्याला महिन्याच्या १ तारखेला नोंद हवी आहे, थकबाकीदार हवा आहे, आणि तो थकबाकीदार शक्यतो घरातच हवा आहे. ही गरज खरी आहे व ती पुरवावी. मात्र ती पुरविण्यासाठी १८ लाख लागत नाहीत.

नानांना खरोखर अधिक व्याज हवे असेल, तर त्यासाठी मुलापेक्षा चांगला ऋणको उपलब्ध आहे, तो म्हणजे केंद्र सरकार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील गुंतवणुकीची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून १५ लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली. नानांचे तेथे १५ लाख आहेत आणि ‘मर्यादा भरली’ असे ते जुन्या माहितीवरून समजत आहेत. प्रत्यक्षात आणखी १५ लाखांची जागा रिकामी आहे. २०२३ च्या एप्रिलपासून या योजनेत ८.२ टक्के दर चालत आला आहे. तो दर तिमाहीस जाहीर होतो, म्हणून नवे खाते उघडण्याच्या दिवशी एकदा खात्री करून घ्यावी. खाते उघडल्यावर मात्र पाच वर्षे तोच दर कायम राहतो. पहिल्या बँकेतील ७ लाखांची ठेव मुदत संपताच या योजनेत वळविली, तर पावणेसात आणि ८.२ यांतील फरकामुळे नानांना वर्षाला १०,१५० रुपये अधिक मिळतील. १८ लाख मुलाला देऊन मिळणाऱ्या नऊ हजारांपेक्षा हे जास्त आहेत, आणि त्यासाठी जामीनही लागत नाही. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या १ तारखेस देय होते, म्हणजे पासबुक छापण्याच्या त्या चार हक्काच्या दिवशी आणखी एक नोंद वाढेल. गरज पडल्यास खाते मुदतीपूर्वी बंद करता येते. पहिल्या वर्षात बंद केल्यास दिलेले व्याज परत घेतले जाते, दुसऱ्या वर्षात मुद्दलातून दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापला जातो. या ७ लाखांना हलविण्याचे आणखी एक कारण आहे : ठेव विमा महामंडळाचे संरक्षण एका बँकेतील एका ठेवीदारास मुद्दल व व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच असते, ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे.

पतसंस्थेतील ६ लाखांना तर तेवढेही संरक्षण नाही. सहकारी बँक आणि सहकारी पतसंस्था यांत पुष्कळ लोक फरक करीत नाहीत, परंतु ठेव विमा बँकांना लागू आहे, पतसंस्थांना नाही. आपल्या ओळखीची संस्था उत्तम चालत असेलही. तरी ७९ व्या वर्षी एका विमाविरहित ठिकाणी ६ लाख ठेवावेत, असे मी सुचविणार नाही. तेव्हा मुलाला द्यायचेच असतील, तर हेच ६ लाख द्यावेत, मुदत संपल्यावर द्यावेत आणि मिळत होते त्याच साडेसात टक्क्यांनी द्यावेत. नानांचे वर्षाचे ४५,००० रुपये, म्हणजे महिन्याचे ३,७५०, जसेच्या तसे चालू राहतील. आपले वर्षाला ५,४०० रुपये वाचतील. ठेव विमा चिरंजीवांनाही लागू नाही, हे मान्य आहे. पण हा ऋणको रोज सकाळी समोर बसून वर्तमानपत्र वाचत असतो, एवढी सोय पतसंस्थेत नसते.

आपले पती म्हणतात की वडिलांनी व्याज घेण्यापेक्षा रक्कम आपल्या नावे भेटच द्यावी. सासऱ्यांनी सुनेला दिलेल्या भेटीवर सुनेला कर लागत नाही, हे खरे. पण ती रक्कम आपण गुंतविली, तर तिचे उत्पन्न आयकराच्या दृष्टीने सासऱ्यांच्याच उत्पन्नात मिळविले जाते. सज्ञान मुलाला दिलेल्या भेटीस हा नियम नाही. तथापि करासाठी हा खटाटोप करण्याचे कारणच नाही. नानांचे निवृत्तिवेतन वर्षाला ४,५६,००० रुपये आणि सर्व व्याज सुमारे अडीच लाख धरले, तरी २०२५-२६ पासूनच्या नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होत असल्याने त्यांना काही भरावे लागत नाही. आणि दिलेली भेट परत मागता येत नाही. नानांना मागण्याचा हक्क हवा आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत नाना आपणा सर्वांपेक्षा बरोबर आहेत, हे चिरंजीवांना समजावून सांगावे. मागणीनंतर फेडावयाच्या कर्जाची वसुलीची मुदत, मुदत कायद्यानुसार, कर्ज दिल्याच्या दिवसापासून तीन वर्षे असते. ऋणकोने व्याज भरल्याची लेखी, सहीनिशी नोंद वेळोवेळी झाली, तर ती मुदत नव्याने सुरू होते. म्हणजे दर व्याजाची पावती फाडण्याचा नानांचा आग्रह हा विक्षिप्तपणा नाही. फक्त नानांच्या पावतीवर नानांचीच सही असते. त्यांच्या वहीत व्याज भरल्याच्या नोंदीखाली मुलाचीही सही घ्यावी. कर्जाची रक्कम आणि परतफेड बँकेमार्फतच व्हावी, कारण २०,००० रुपये वा अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेणे अथवा फेडणे आयकर कायद्यास मान्य नाही, मग ते बापलेकांत का असेना.

जामिनाची अट मात्र बदलून घ्यावी. करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आपण गृहकर्जात सहकर्जदार आहात आणि लाभ दोघांना होणार आहे, तर कागदावर सहकर्जदार म्हणूनच सही करावी. नानांचा विश्वास आपल्यावरच आहे, त्यामुळे त्यांना ही सुधारणा आवडेल. याहून महत्त्वाची बाब नणंदेची आहे. सासूबाई हयात नाहीत, त्यामुळे मृत्युपत्र नसेल तर नानांच्या मालमत्तेत भाऊ व बहीण समान वाटेकरी आहेत, आणि भावाकडून येणे असलेले ६ लाख हीदेखील मालमत्ताच आहे. बँकेतील ठेवीला वारसनोंद असते, मुलाला दिलेल्या कर्जाला नसते. नानांच्या मसुद्याची तिसरी प्रत कोणासाठी, असे आपण विचारले होते. ती नणंदेकडे पाठवावी. नानांनी मृत्युपत्रात या येण्याचा स्पष्ट उल्लेख करावा. त्यासाठी दोन साक्षीदार पुरेसे आहेत, नोंदणी सक्तीची नाही.

दुसऱ्या बँकेतील ५ लाखांना कोणीही हात लावू नये. ते रुग्णालयाचे पैसे आहेत. त्यांपैकी निदान २ लाख नाना आणि आपण यांच्या संयुक्त बचत खात्यात, दोघांपैकी कोणासही काढता येतील असे ठेवावेत, कारण संयुक्त मुदत ठेव वेळेपूर्वी मोडताना बँका सहसा दोघांच्याही सह्या मागतात आणि अतिदक्षता विभागात सही मिळत नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला ५ लाखांपर्यंत आयुष्मान योजनेचे संरक्षण सुरू झाले आहे. नानांचे या योजनेचे ‘वय वंदना’ कार्ड या महिन्यातच काढून घ्यावे, परंतु ते योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांतच चालते, म्हणून हे ५ लाख त्याच्या भरवशावर अन्यत्र गुंतवू नयेत.

विलंबाचा रोजचा ५० रुपये दंड मान्य करावा. हप्ता परत गेल्यास बँक याहून बरेच अधिक घेते, आणि दर १ तारखेस रक्कम आपोआप वळती करण्याची स्थायी सूचना खात्यावर दिली की दंडाचा प्रसंग येणार नाही. नानांना ती सूचना दिल्याचे सांगू नये. राहता राहिला महसूल तिकिटांचा प्रश्न, ज्यांचा साठा त्यांनी आणून ठेवला आहे. एक रुपयाचे तिकीट ५,००० रुपयांहून अधिक रकमेच्या पावतीवर लागते. १८ लाखांवरील ११,२५० रुपयांच्या पावतीला ते दरमहा लागले असते, ३,७५० च्या पावतीला लागत नाही. वर्षाचे १२ रुपये वाचतात, हे त्यांना आकड्यांनिशी दाखविल्यास ६ लाखांवर तडजोड होण्यास अडचण येऊ नये.