वाचकांचे प्रश्न : छोटा ट्रॅव्हल ट्रेलर आणि त्याला ओढणारी गाडी

प्रश्न : आम्ही दोघे, आमची बारा वर्षांची मुलगी आणि उन्हाळ्यात पुण्याहून येणाऱ्या सासूबाई अशा चौघांसाठी गाडीमागे ओढत न्यायचा, आत राहण्या-झोपण्याची सोय असलेला छोटा ट्रेलर घ्यायचा विचार आहे. आमच्याकडे 2018 ची टोयोटाची व्ही-6 (सहा सिलिंडरची) हायलँडर एसयूव्ही असून तिची ओढण्याची क्षमता 5000 पौंड आहे. विक्रेत्याने एक 21 फुटी ट्रेलर दाखवला. त्याचे रिकामे वजन 3600 पौंड आहे आणि 'तुमच्या गाडीला हा सहज जमेल' असे तो म्हणाला. तो घ्यावा, की आधी पिकअप ट्रक घ्यावा? (डेन्व्हर, कोलोरॅडो)

उत्तर : हा ट्रेलर तुम्ही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पिकअपचा विचारही इतक्यात नको. विक्रेत्याने तुमच्यापुढे ठेवलेले दोन्ही आकडे खरे असले, तरी निर्णय त्यांवर अवलंबून नाही. तो अवलंबून आहे चालकाच्या बाजूचे दार उघडल्यावर चौकटीवर दिसणाऱ्या पिवळ्या पट्टीच्या स्टिकरवर. माणसे आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती वजन ठेवता येईल, म्हणजेच गाडीचे पेलोड किती, ते तिथे लिहिलेले असते. ट्रेलर आपल्या वजनाचा जो हिस्सा हिचवर (गाडीच्या मागच्या जोडणीवर) टाकतो, ते टंग वेटही याच पेलोडमधून वजा होते, ही गोष्ट विक्रीच्या दालनात सहसा कोणी सांगत नाही.

आता 'रिकामे वजन' म्हणजे काय ते पाहू. त्यात पाणी, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, शिधा यांतले काहीही धरलेले नसते, आणि बॅटरी, भरलेले गॅस सिलिंडर, क्वचित एसीसुद्धा त्याबाहेर राहतो. पाण्याचे वजन गॅलनला सुमारे 8.3 पौंड असते, म्हणजे 20 गॅलनची टाकी भरली की 166 पौंड वाढले. चार माणसांच्या आठवड्याच्या मुक्कामाला रिकाम्या वजनावर 500 ते 800 पौंड सहज चढतात. म्हणून ट्रेलर निवडताना रिकामे वजन बाजूला ठेवावे आणि ट्रेलरवरच्या पाटीवर छापलेले भरल्या ट्रेलरचे कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, हाच आकडा हिशेबात घ्यावा.

तुमचा 3600 पौंडांचा ट्रेलर प्रवासाला निघेल तेव्हा 4300 पौंडांच्या आसपास असेल. ट्रेलर रस्त्यावर स्थिर राहायचा तर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर यावा लागतो. मधला 13 टक्के धरला तर तो 560 पौंड होतो. तुमच्या गाडीच्या हिचची मर्यादा 500 पौंड आहे, म्हणजे पहिली अडचण इथेच आली. दुसरी पेलोडची. स्टिकरवर 1300 पौंड असतील असे धरू (तुमच्या गाडीवरचा आकडा स्वतः वाचा, कारण एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही तो वेगळा असतो). चौघांचे मिळून 600 पौंड, गाडीतल्या बॅगा, शीतपेटी आणि हिचचा दांडा यांचे 130, आणि वर टंग वेटचे 560, अशी बेरीज 1290 पर्यंत जाते. सासूबाईंची मोठी बॅग मागे ठेवली की मर्यादा ओलांडलीच. टंग वेट कमी करण्यासाठी सामान ट्रेलरच्या मागच्या भागात सरकवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नका. हिचवरचा भार दहा टक्क्यांखाली गेला की महामार्गावर ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि ते झुलणे वेगाबरोबर वाढत जाते. तशी वेळ आलीच तर गाडीचा ब्रेक जोरात न दाबता, ॲक्सेलरेटरवरचा पाय हळूहळू उचलत, ब्रेक कंट्रोलरची (चालकापाशी बसवलेल्या, ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची) कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे असतात. हे घराजवळच्या मोकळ्या मैदानात आधी करून पाहावे.

तुमच्या बाबतीत उंचीचाही विचार हवा. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के घटते. आय-70 महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांहून उंच आहे, तिथे तुमच्या 295 अश्वशक्तीच्या इंजिनापाशी जेमतेम 200 उरतात. ओढण्याची क्षमता ठरवण्याच्या जे-2807 या मानकात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढाची कसोटी आहे, पण तो चढ तुमच्या घाटांच्या मानाने पुष्कळ खाली आहे आणि चाचणीतल्या गाडीत प्रत्येकी 150 पौंडांची दोनच माणसे धरलेली असतात. चौघांनी सामानासह रॉकी पर्वत चढायचा असेल तर तुमच्या गाडीला 5000 ऐवजी 3500 पौंडांचीच समजा, आणि जीव्हीडब्ल्यूआर 3500 च्या आत असलेला, विद्युत ब्रेक असलेला ट्रेलर शोधा. या वजनात चौघांच्या झोपण्याची सोय घडी होणाऱ्या पॉप-अप ट्रेलरमध्ये सर्वांत चांगली होते. घडी केल्यावर तो बुटका असल्याने वाराही कमी अडतो. तो उभारताना सासूबाईंना थोडा वेळ खुर्चीत थांबावे लागेल, एवढीच गैरसोय. पिकअप घेतलाच तरी हा हिशेब टळत नाही, कारण चैनीच्या सुविधांनी भरलेल्या महागड्या ट्रकचे पेलोड पुष्कळदा अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघते.

खरेदीनंतर एकदा सगळे सामान भरून, सगळी माणसे बसवून, महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवरील कॅट स्केल या मोठ्या वजनकाट्यावर वजन करून घ्या. तिथे प्रत्येक आसावरचा भार वेगळा छापून मिळतो. आणखी एक : मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर ॲव्हलँच आणि रायझिंग सन यांच्या दरम्यान 21 फुटांपेक्षा लांब वाहनांना बंदी आहे आणि ही लांबी गाडी व ट्रेलर मिळून मोजतात. तिथे जाताना ट्रेलर कॅम्पग्राउंडवरच सोडावा लागेल.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. आमच्याकडे 2022 ची टोयोटाची सिएना हायब्रिड मिनीव्हॅन आहे. स्वतःचे स्वच्छतागृह असलेला जुना ट्रेलर घ्यायचा आहे. काय पाहावे? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : तुमच्या गाडीची मर्यादा 3500 पौंड आहे आणि तुम्ही दोघेच असल्यामुळे पेलोडचा ताण कमी आहे. तरी मी भरलेले वजन 2500 च्या आसपास ठेवीन. फायबरग्लासचे गोलसर ट्रेलर तुमच्यासाठी उत्तम. 1968 मध्ये कॅनडातल्या विनिपेगमध्ये बोलर नावाचा असा ट्रेलर निघाला आणि पुढे त्याच धर्तीवर मिनेसोटातल्या बॅकस गावी स्कॅम्प तयार होऊ लागले. 13 फुटी स्कॅम्पमध्ये छोट्या स्वच्छतागृहाची मांडणीही मिळते. यांचे कवच वरचा आणि खालचा असे दोन भाग जोडून केलेले असते, त्यामुळे सांधे कमी आणि पाणी झिरपण्याच्या जागाही कमी. जुन्या ट्रेलरचा खरा शत्रू हे झिरपणारे पाणीच असते. म्हणून आत शिरल्यावर पडदे-गाद्यांकडे न पाहता कोपऱ्यांतली आणि खिडक्यांखालची जमीन पायाने दाबून पाहा. ती मऊ लागली, तर किंमत कितीही कमी असली तरी परत फिरा. टायरच्या कडेवरच्या डॉट (DOT) क्रमांकातले शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर कधी बनला ते, वाचा : 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षांवरचे टायर बदलूनच प्रवासाला निघावे.

रिसीव्हर (हिच अडकवायची गाडीखालची चौकट), ट्रेलरचे दिवे व ब्रेक यांसाठी विजेची सात पिनांची जोडणी आणि ब्रेक कंट्रोलर जाणकाराकडून बसवून घ्यावे लागतील. त्या खर्चात काटकसर करू नका. छताला पंखा आहे ना, हेही पाहा. एवढ्याशा जागेत फोडणीचा वास गाद्यांमध्ये मुरतो आणि थंड रात्री भाताच्या वाफेचे पाणी भिंतींवर साचते. आमच्या परिचयाची बरीच मराठी जोडपी स्वयंपाक बाहेरच्या शेगडीवर करतात. कुकर मात्र अवश्य न्यावा, कारण उंचीवर उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

प्रश्न : टेस्ला मॉडेल वाय या विजेवरच्या गाडीने ट्रेलर ओढून ऑन्टारिओतल्या अल्गॉन्क्विन पार्कला जाता येईल का? (मिसिसागा, कॅनडा)

उत्तर : येईल. या गाडीची मर्यादा सुमारे 1600 किलो आहे, पण ट्रेलर जोडला की एका चार्जमधले अंतर जवळजवळ निम्म्यावर येते आणि त्याला ट्रेलरच्या वजनापेक्षा त्याची उंची व रुंदी अधिक कारणीभूत असते. म्हणून बुटका, निमुळत्या पाठीचा टीअरड्रॉप (थेंबाच्या आकाराचा छोटा ट्रेलर) घ्या. ऑन्टारिओत 1360 किलो किंवा त्याहून अधिक एकूण वजनाच्या ट्रेलरला ब्रेक बंधनकारक आहेत. त्याहून हलक्यालाही ते असावेत असे मी सुचवीन. बहुतेक चार्जिंग स्थानकांवर ट्रेलर सोडून गाडी लावावी लागते, तेव्हा वाटेतल्या प्रत्येक थांब्याला अर्धा तास जास्त धरा आणि विजेची जोडणी असलेली जागा आरक्षित करताना तिथे गाडी चार्ज करायला परवानगी आहे का, ते आधीच विचारून घ्या.