आग्रहाचा पाइंट

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

आम्ही बावीस वर्षांपासून आयर्लंडमध्ये, मेयो काउंटीतल्या एका लहान गावात राहतो. मुलगा सहा वर्षांचा असल्यापासून गावच्या क्लबकडून गेलिक फुटबॉल, म्हणजे आयरिश लोकांचा स्वतःचा फुटबॉल, खेळतो. यंदा मोठ्यांच्या संघात त्याला प्रथमच पक्की जागा मिळाली, सात नंबर. चॅम्पियनशिप संपेपर्यंत कोणी दारूला शिवायचे नाही, असा मॅनेजरचा नियम आहे. गेल्या शनिवारी मुलाचा एकविसावा वाढदिवस आम्ही गावातल्या पबमध्ये केला. तो सोडा घेऊन उभा होता, म्हणून मीच आग्रहाने पहिला पाइंट, म्हणजे बिअरचा मोठा ग्लास, मागवला. पुढे मित्रांचे दोन झाले. एवढेच. मंगळवारी सरावाला गेल्यावर त्याने आपणहून मॅनेजरला सांगितले आणि रविवारच्या उपांत्य सामन्यातून त्याला वगळण्यात आले. 'कोणी पाजली?' असे विचारल्यावर 'माझी मीच घेतली' म्हणाला. या मुलांना खेळाचा एक युरोही मिळत नाही. सज्ञान मुलाने काय प्यावे, हे ठरवणारा हा मॅनेजर कोण? क्लबच्या कमिटीला पत्र लिहून तयार ठेवले आहे. पत्नी म्हणते, पाठवू नका. आपले मत कळवावे.
– एक बाप, मेयो

उत्तर:

तुमच्या मूळ पत्रात मॅनेजरच्या हडेलहप्पीवर दीड पान खर्ची पडले आहे आणि त्या पाइंटच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे. त्या वाक्यात 'आग्रहाने' हा शब्द तुम्ही सहज लिहून गेलात आणि लगेच 'एवढेच' म्हणून हात झटकलेत. मॅनेजरचे काय करायचे ते नंतर पाहू. मी त्या एका शब्दापाशी अडले आहे.

आग्रह म्हणजे काय, हे बावीस वर्षे परदेशात काढूनही तुम्ही विसरलेला नाही. पंगतीत पाहुणा दोन्ही हात आडवे धरून ताट झाकतो, वाढपी बोटांच्या फटीतून जिलेबी सोडतो, सगळी पंगत हसते, पाहुणा 'अहो, नको, नको' करत ती संपवतो आणि यजमानाचा जीव सुखावतो. रात्री पाहुण्याच्या पोटाचे काय झाले, हे विचारायला कोणी जात नाही. आपल्याकडे याला माया म्हणतात आणि पुष्कळदा ती असतेही. तरीसुद्धा ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे त्याच्या ताटात आपण मटणाचा रस्सा वाढत नाही, आणि 'आजच्या दिवस चालतंय' असे म्हणणाऱ्याला पंगतीतलेच एखादे म्हातारे माणूस गप्प बसवते. आयरिश लोकांकडेही अशी खूण होती. फादर जेम्स कलन यांनी १८९८ साली डब्लिनमध्ये स्थापन केलेल्या पायोनियर संघटनेचे सभासद दारू सोडल्याची छोटी पिन कोटावर लावत. तुमच्या मुलाजवळ ना माळ होती, ना पिन. त्याच्याजवळ सोड्याचा ग्लास होता, आणि तो त्याने का धरला आहे हे त्या पबमधल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तुम्हांलाही होते.

माझी धाकटी बहीण तुमच्या शेजारच्या स्लायगो काउंटीत राहते. तिच्याकडे दोन महिने राहिले तेव्हा तिथल्या राउंडची पद्धत मला कळली. पाच मित्र बसले की एकाने पाचही जणांसाठी मागवायचे, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. आपल्या वाटणीची फेरी देण्याआधी जो उठतो तो चिकट ठरतो. सोडा पिणारा या चक्राच्या बाहेर निवांत उभा राहू शकतो, कारण त्याच्या ग्लासचा हिशेब कोणी ठेवत नाही. तुम्ही त्याच्या हाती पाइंट दिलात आणि त्याला त्या हिशेबात आणून बसवलेत. 'पुढे मित्रांचे दोन झाले' हे तुम्ही पाऊस पडल्यासारखे लिहिले आहे; ते आपोआप झालेले नाही. तीन पाइंट ही काही अनर्थाची मात्रा नव्हे, हे मलाही मान्य आहे. तिथल्या सरकारी मोजणीप्रमाणे एका पाइंटात दोन प्रमाणित पेले भरतात आणि पुरुषाने आठवड्याला सतरा पेल्यांच्या आत राहावे असा सल्ला असतो, म्हणजे तो त्या सल्ल्याच्या पुष्कळ आत होता. पण तुमचा मुलगा दारुडा आहे असे मॅनेजरनेही म्हटलेले नाही. शब्द मोडला, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

'एक युरोही मिळत नाही' हा तुमचा मुख्य मुद्दा आहे आणि तो मला उलटा वाटतो. पगारी खेळाडू चुकला तर त्याला दंड करता येतो, त्याचा करार थांबवता येतो, त्याला दुसऱ्या क्लबला विकता येते. गेलिक खेळांत यांपैकी काहीच नाही. काउंटीकडून खेळणारे नामांकित खेळाडूसुद्धा सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा कचेरीत जातात, आणि क्लब तर माणसाला जन्मगावासारखा चिकटलेला असतो. जिथे कापायला पगार नाही, तिथे मॅनेजरच्या हातात पंधरा नावांचा कागद उरतो आणि खेळाडूंच्या हातात एकमेकांना दिलेला शब्द.

बहिणीच्या गावचा सराव मी पाहिला आहे. सप्टेंबरातली संध्याकाळ, बारीक पाऊस, चार दिव्यांच्या उजेडात वाफाळणारे पंचवीस-तीस तरुण. त्यांतला एक गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालूनच गाडीतून उतरला. गाईंच्या धारा काढून तो थेट आला होता. फाटकाला टेकून त्याने बूट बदलले, ओले मोजे गाडीच्या टपावर टाकले आणि पळत मैदानात गेला, आणि घरी जाऊन तो केव्हा जेवत असेल, हाच विचार मी करत राहिले. २०२२ पासून हंगामाची विभागणी झाली आहे. काउंटीचे सामने जुलैपर्यंत आटोपतात आणि मग क्लबची पाळी येते. या माणसाचे सारे वर्ष त्या चार-सहा आठवड्यांसाठी असते. त्याने शनिवारी रात्री घरी बसून चहा प्यायचा आणि तुमच्या मुलाने पाइंट, आणि रविवारी दोघांनी एकाच बचावफळीत उभे राहायचे, हे त्याला कसे पटावे? दारूने झोप बिघडते, ताणलेले स्नायू भरून यायला वेळ लागतो, ही कारणे खरी आहेत, पण दुय्यम आहेत.

मॅनेजरांच्या या बंदीविषयी मला फार आदर आहे, असेही समजू नका. सहा आठवडे थेंब नाही आणि संघ हरला की सोमवारी सकाळपासून दोन दिवस अखंड, असला उपास सोडण्याचा सोहळा आपल्याकडच्या गटारीला लाजवील. गेलिक खेळांची जी संघटना १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात जन्मली आणि जिच्या हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाच्या मुख्य स्पर्धेवर १९९५ ते २०१३ गिनेस या बिअरचे नाव झळकत होते, तिने सोवळे मिरवू नये. हे सारे तुम्ही हंगाम संपल्यावर, मॅनेजरच्याच शेजारी बसून, त्याला खुशाल सुनवा. आज तो अधिकार तुमच्याकडे नाही, कारण या भांडणात तुम्ही त्रयस्थ नाही.

आता तुम्ही पाइंट का मागवलात ते बोलू. तुमच्या पत्रात आणखी एक ओळ आहे, वरच्या सारांशात ती आलेली नाही: 'पबमध्ये माझ्याकडे सगळे पाहत होते, म्हटले यांनाही कळू दे.' काय कळू दे? भारतीय माणूसही मुलाच्या एकविसाव्याला काउंटरवर नोटा ठेवून सर्वांना पाजू शकतो, बाप-लेक ग्लासला ग्लास लावू शकतात, आम्ही तुमच्यातलेच आहोत, हेच ना? मी तुम्हांला हसत नाही. बावीस वर्षे ज्या गावात राहिलो तिथे रविवारी दुपारी आपल्याला कोणी नावाने हाक मारावी, ही भूक मला समजते. पण तुमचा मुलगा त्या गावाचा केव्हाच होऊन गेला आहे. सहाव्या वर्षापासून चिखलात पडून, बरगड्यांवर कोपर खाऊन, दर आठवड्याला सरावाला वेळेवर हजर राहून त्याने ते मिळवले, आणि त्याची पावती म्हणजे त्याच्या पाठीवरचा सात. ज्या एका गोष्टीने तो गावाचा झाला होता, तीच तुम्ही गावाचे होण्याच्या हौसेपायी त्याच्या हातून सोडवलीत. तुम्हांला हे ठाऊक नव्हते असे मी मानत नाही, कारण ठाऊक नसते तर 'आग्रहाने' हा शब्द लेखणीतून उतरलाच नसता. पहिल्या 'नको'ला जो मान देतो त्याला आग्रह करावाच लागत नाही.

आणि त्याने काय केले? त्या रात्रीची बातमी मैदानावर पोहोचली होती की नव्हती, याची वाट न पाहता तो स्वतः मॅनेजरसमोर उभा राहिला. 'कोणी पाजली?' या प्रश्नाला 'बाबांनी' हे खरे उत्तर होते आणि ते देऊन त्याची शिक्षा कदाचित निम्म्याने कमी झाली असती. त्याने 'माझी मीच' म्हटले. तुम्ही हे वाक्य मुलाच्या भाबडेपणाचा नमुना म्हणून पत्रात घातले आहे, 'असा हा वेडा' या सुरात. मी ते वाचून पत्र खाली ठेवले आणि थोडा वेळ खिडकीशी जाऊन उभी राहिले. ज्या बापाने त्याची जागा घालवली त्याचे नाव त्याने सगळ्या संघापासून झाकून ठेवले, आणि तोच बाप आता त्याच्या नावाने कमिटीला पत्र लिहितो आहे! ते पत्र गेले तर मुलाने गिळलेली गोष्ट गावभर होईल, आणि आपला बाप आपल्यासाठी भांडायला आला ही एकविसाव्या वर्षीची नामुष्की वर.

तुमच्या पत्नीचे ऐका आणि ते पत्र फाडा. मॅनेजरला भेटायला जाऊन 'चूक माझी होती, त्याला घ्या' असेही सांगू नका. ते औदार्य दिसेल, पण मुलाने झाकलेले तुम्ही उघडे केलेत असेच त्याला वाटेल. तुम्हांला एकाच माणसाशी बोलायचे आहे आणि तो तुमच्याच घरात झोपतो. आज रात्री तो कामावरून आला, जेवला, की त्याच्या खोलीच्या दारात जा आणि म्हणा, 'तू नको म्हणत होतास आणि मी ऐकले नाही. तुझी जागा माझ्यामुळे गेली.' त्यापुढे 'पण' हा शब्द येऊ देऊ नका. मॅनेजर, युरो, सज्ञान वय, यांतले काहीही त्या खोलीत नेऊ नका. तो बहुधा 'ठीक आहे, बाबा' म्हणेल आणि मोबाइलमध्ये पाहत राहील. तेवढ्यावर परत फिरा. आपल्या घरांत बाप मुलाला असे सांगत नाहीत, हे मला माहीत आहे. माझ्या वडिलांनी मला कधी सांगितले नाही आणि मी अजून वाट पाहते आहे, ते जाऊन अकरा वर्षे झाली तरी.

रविवारी सामन्याला मात्र जा. १९५१ च्या अखिल आयर्लंड फुटबॉल विजेतेपदानंतर अंतिम सामने पुन्हा पुन्हा हरूनही पुढच्या वर्षी मैदानावर येत राहिलेल्या काउंटीत तुम्ही राहता, तेव्हा एक उपांत्य सामना कडेला उभे राहून पाहणे तुम्हांला जड जाऊ नये. मुलगा बहुधा पाण्याच्या बाटल्या घेऊन रेषेवर धावत असेल. त्याला हाका मारू नका. सात नंबरच्या जर्सीत दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा असेल. त्याचे नाव आधी विचारून घ्या आणि त्याच्या नावाने ओरडा, तुमच्या मुलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.