लग्न पुण्यात, सुट्टी तीन आठवड्यांची

प्रश्न: आम्ही बरीच वर्षं डॅलसला आहोत. मुलाचं लग्न डिसेंबरात पुण्यात करायचं ठरलंय. मुलगी सिंहगड रोडची, नोकरीही पुण्यातच. आम्हाला जेमतेम तीन आठवड्यांची सुट्टी मिळेल. सासू-सासरे कोथरूडला असतात, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. ते म्हणतात, ‘तुम्ही फक्त या, आम्ही सगळं बघतो.’ नवऱ्याचंही तेच मत. एवढ्या दिवसांत खरेदी, केळवणं, विधी, नोंदणी कशी बसवायची? मुलीच्या व्हिसासाठी नोंदणी आधीच करून टाकली तर चालेल का?
– एक वरमाय

उत्तर: खरेदीचं बसेल हो. लक्ष्मी रोडवर दोन दिवसांत अख्खं लग्न घेऊन बाहेर पडणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मला काळजी वाटते ती तुमच्या सासऱ्यांची.

‘आम्ही सगळं बघतो’ यात काय काय येतं ते आज रात्री नवऱ्याला शेजारी बसवून कागदावर उतरवा. उन्हातान्हात कार्यालयं बघत हिंडायचं. केटररकडे चव बघायला जायचं, आणि पुन्हा एकदा जायचं, कारण पहिल्या वेळी मठ्ठा आंबट होता. सोनाराकडे फेऱ्या. गुरुजींची तारीख. पत्रिकेचं प्रूफ. आणि त्या पत्रिका वाटणं, जे सगळ्यात जड. कारण तुमच्या पिढीला व्हॉट्सअ‍ॅपवरची पत्रिका चालते, पण सासऱ्यांच्या आतेभावाला चालत नाही. त्याच्याकडे जाऊनच अक्षत द्यावी लागते, चहा घ्यावा लागतो, आणि तो तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टच्या इमारतीत राहतो. तुम्ही डॅलसहून जो एक मेसेज टाकता, ‘बाबा, जरा त्या हॉलवाल्याला विचारून घ्या ना’, त्याचा पुण्यात अर्धा दिवस होतो.

म्हणून पहिला सल्ला असा की कामं दोन ढिगांत वाटा. ज्यात म्हाताऱ्या माणसांना मान आहे आणि मजा आहे ते त्यांच्याकडे ठेवा: गुरुजींशी बोलणं, मेनू ठरवणं, कुणाला बोलवायचं ते सांगणं, कसबा गणपतीला पहिली पत्रिका ठेवणं. ज्यात नुसती पायपीट आणि घासाघीस आहे ते त्यांच्याकडून काढून घ्या. त्यासाठी एखादा भाचा, पुतणी, नाहीतर पैसे देऊन ठेवलेला माणूस बघा. लग्नाची कामं ठरवून करून देणारी मंडळी पुण्यात भरपूर आहेत. ‘घरचं कार्य आणि बाहेरचा माणूस कशाला’ असं सासरे म्हणतीलच. म्हणू द्यात. हे त्यांच्याशी तुम्ही नाही, त्यांच्या मुलाने बोलायचं.

पैशांचं तर त्याहून आधी. ‘बाबा, तुम्ही आत्ता भरा, मी पाठवतो’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि त्यापायी मोडलेल्या एफडीही दिसतात. मुलगा पाठवतोही, पण महिन्या-दीड महिन्याने. मधल्या काळात ते दोघं काटकसर करत राहतात आणि बोलत नाहीत. लग्नाची अंदाजे रक्कम आधीच त्यांच्या खात्यात टाका. मुलाने आई-वडिलांना दिलेल्या पैशांवर त्यांना भारतात आयकर लागत नाही, त्यामुळे ती भीती नको. यूपीआयला साधारणपणे दिवसाला 1 लाखाची मर्यादा असते, तेव्हा कार्यालयाच्या मोठ्या हप्त्यासाठी चेक किंवा बँकेतून पाठवणं बरं. आणि कुणी ‘रोखच द्या’ म्हणालं तर लक्षात असू द्या, एका कार्याच्या संदर्भात एकाच माणसाकडून 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. तुकडे करून दिले तरी तेच.

आता नोंदणी, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात अवघड तुकडा तोच आहे.

व्हिसाच्या घाईपोटी ‘आधी कागदावर लग्न, विधी डिसेंबरात’ असं करणारी कुटुंबं बरीच आहेत. हिंदू विवाह कायद्याखाली हे चालत नाही. विधी न होता नुसता नोंदणीचा दाखला घेतला तर तेवढ्याने ते लग्न ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट सांगितलंय. तसा दाखला दूतावासात दाखवून बसलात आणि पुढे कुणी विचारलं तर पंचाईत. विधींशिवाय आधी लग्न लावायचं असेल तर रस्ता 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा. त्यात विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाची नोटीस द्यायची, आणि दोघांपैकी एकजण त्या नोटिशीच्या आधी निदान 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. तुमची सून पुण्यातलीच आहे, म्हणजे ती अट सुटली. नोटीस दिल्यावर 30 दिवस थांबायचं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. म्हणजे तीन आठवड्यांच्या एका खेपेत, आधी नोटीस गेलेली नसेल तर, हे होणारच नाही. मुलगा अजून भारतीय नागरिक आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. अमेरिकेचा पासपोर्ट असेल तर कोणत्या कायद्याखाली नोंदणी करायची आणि त्याची कुठली कागदपत्रं लागतील ते पुण्यातल्या वकिलाला आत्ताच विचारा, विमानाची तिकिटं काढण्याआधी.

दोघंही भारतीय आणि हिंदू असतील तर काम सोपं: विधीने लग्न लावायचं, मग महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंदणी. त्यासाठी 90 दिवसांची मुदत असते, पण तुमच्या हातात तेवढे दिवस नाहीत, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन कामाच्या दिवसांतला एक त्यालाच द्या. इथे गंमत अशी होते की पुरावा म्हणून लग्नपत्रिकाही मागतात, आणि पत्रिकेवर सासूबाईंनी हौसेने छापलेलं असतं ‘चि. बंटी’. पासपोर्टवर जे नाव आहे, ज्या क्रमाने आहे, तेच पत्रिकेवर घ्या. बंटी कंसात गेला तरी चालेल. दाखला परदेशात वापरायचा म्हणजे अपोस्टिल, म्हणजे तो तिकडे खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, लागण्याची शक्यता मोठी. त्याला वेळ जातो, ते काम मागे राहणाऱ्या कुणावर तरी सोपवून जावं लागेल. सासऱ्यांवर नको.

तारखेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण डिसेंबर म्हणालात म्हणून. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि परदेशातली सगळी मंडळी डिसेंबरातच येतात, तेव्हा बरी कार्यालयं फार आधी जातात. काही घरांत पौषात लग्न नको म्हणतात. मुलीकडच्यांना ते आधी विचारा. डीपी रोडवरच्या लॉनवर संध्याकाळचा समारंभ फोटोत फार सुंदर दिसतो. पण डिसेंबरातली पुण्याची रात्र, वर उघडं आकाश, आणि पहिल्या रांगेत स्वेटरवर शाल, शालीवर मफलर घेतलेले सगळे आजी-आजोबा! दहानंतर स्पीकर बंद करावे लागतात ते वेगळंच. मी तरी सकाळचा मुहूर्त आणि बंदिस्त कार्यालय घेईन. शिवाय डिसेंबरात सवाई, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सव, असतो. त्या दिवसांत संध्याकाळी रिसेप्शन ठेवलंत तर तुमच्या सासऱ्यांचे निम्मे मित्र अक्षता टाकायच्या आधी मुकुंदनगरला निघून जातील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

कार्यालय बघायला जो जाईल त्याला सांगा, सजावट बघू नकोस. लिफ्ट चालू आहे का, पंगत वरच्या मजल्यावर आहे का, खोल्यांमध्ये कमोड आहे का, वेळ किती वाजेपर्यंत, विजेचं बिल भाड्यात की वेगळं, केटरर त्यांचाच घ्यायचा का, किमान किती पानांचे पैसे लागणार. या शेवटच्या प्रश्नावर बरीच भांडणं होतात. डॅलसच्या मित्रमंडळींना ‘येणार का, किती जण’ असा फॉर्म पाठवलात तर ते भरून देतील. पुण्यातल्या आत्याला फॉर्म पाठवलात तर तिला राग येईल. तिला फोन करायचा. ती ‘बघू, तब्येतीवर आहे’ म्हणेल, आणि तीन नातवंडांसह सगळ्यात आधी हजर असेल. तेव्हा आकडा घरातल्या जाणत्या बाईकडून घ्या. तुमच्या सासूबाई डोळे मिटून पन्नासच्या फरकाने बरोबर सांगतील.

खरेदीत मला एकच गोष्ट ताणून सांगायची आहे: ब्लाऊज. साडी अर्ध्या तासात मिळते, अडतं ते शिंप्याकडे. लग्नसराईत चांगला शिंपी नवी कापडं घ्यायलाच तयार नसतो, आणि घेतली तरी ‘परवा या’ म्हणतो, परवा गेलं की हुक लावायचे राहिलेले असतात. तुम्ही उतरल्यावर साडी, मग फॉल-पिको, मग ब्लाऊज अशा क्रमाने गेलात तर हळदीच्या दिवशीही शिंप्याच्या दारात उभ्या असाल. अंगाला नीट बसणारं एक जुनं ब्लाऊज, मापाचं म्हणून, पुण्याला येणाऱ्या कुणाबरोबर आधीच पाठवून द्या. स्वतःची साडी जावेला किंवा बहिणीला व्हिडिओ कॉलवर दाखवून घ्यायला सांगा. रंग फोनवर थोडा वेगळा दिसतो, तेवढं सोसा. वजन उतरवून येणार असाल तर आत शिलाईत माया भरपूर ठेवायला सांगा. उतरलं नाही तरी तीच कामाला येते. सुनेचा शालू मात्र तिला आणि तिच्या आईला निवडू द्या. पैसे तुमचे, पसंती तिची. तिच्या मामाकडून येणारी पिवळी अष्टपुत्री तुमच्या यादीत नकोच.

उरलेलं दोन फेऱ्यांत होतं. मुंडावळ्या, करंडे, पाट-चौरंग, खण, रुखवताचं सटरफटर तुळशीबागेत. घाऊक डबे, देण्याच्या वस्तू, वेष्टणं बोहरी आळीत. आणि कृपा करून गाडी नेऊ नका. तुम्ही गेल्यानंतर पुण्यात मेट्रो आलीय. कोथरूडहून वनाज किंवा आनंदनगरला बसायचं, जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकाला बदलायची, मंडईला उतरायचं, वर आलात की तुळशीबाग. सासूबाईंना हवंच असेल तर त्याही येऊ शकतील, सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे. सोनं घेताना हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी नंबर दागिन्यावर आहे ना बघा, 2023 च्या एप्रिलपासून तो सक्तीचा आहे. आणि घडणावळ किती टक्के लावली ते आधी विचारा, बिल झाल्यावर नव्हे.

केळवणांना नाही म्हणू नका. सगळ्या लग्नात मला तोच भाग सगळ्यात आवडतो: डीजे नाही, फोटोग्राफर नाही, ताटाभोवती रांगोळी आणि आग्रहाने वाढलेली दुसरी पुरणपोळी. पण रोज दोन केळवणं झाली की नवरामुलगा लग्नात अ‍ॅसिडिटीची गोळी चघळत उभा राहतो. मावश्या-आत्यांना सांगा, एकत्र करा. त्या आधी रुसतील, मग आपापसांत पदार्थ वाटून घेतील. तुमच्याकडचं ग्रहमख आणि देवक लग्नाच्या आदल्या दिवशी कार्यालयातच उरकून घ्या, घरी मांडू नका. घरी मांडलं की सासूबाई पहाटे चारला उठतात.

मुलाला संस्कृत कळत नाही म्हणून विधी छोटे करा असं तो म्हणत असेल तर ज्ञान प्रबोधिनीचे पुरोहित बघा. स्त्रियाही असतात. प्रत्येक विधीचा अर्थ मराठीत सांगतात, त्यामुळे मुलं कंटाळत नाहीत. सासऱ्यांचे गुरुजी पिढीजात असतील तर तो विषय त्यांच्याशी हळूच काढा. सीमांतपूजन आणि कानपिळी सोडू नका, त्यात मुलं रमतात.

सत्यनारायण लग्नानंतर दुसऱ्या दिवशी ठेवा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी नोंदणी. तिथे तीन साक्षीदार लागतात, ओळखपत्रं आणि फोटो घेऊन, सगळे एकाच वेळी हजर. सासरे म्हणतील, मी येतो की सही करायला. त्यांच्याऐवजी तुमचा भाऊ, मुलीचा काका आणि मुलाचा एखादा मित्र अशी नावं आत्ताच ठरवा, आणि मित्राचं परतीचं तिकीट त्या दिवसानंतरचं आहे ना, तेवढं विचारून घ्या.